लांब शब्दाचं शेपूट



'फोटोग्राफ' म्हणताना इंग्रज माणूस जोर देतो पहिल्या अक्षरावर, 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हणायची वेळ आली की तोच जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि आपल्याला ऐकू येतं, 'फटॉग्रफर'. 'फोटोग्राफिक'मध्ये तो आणखी पुढं, 'ग्रॅ'वर जातो. शब्द एकाच घरातले, आघात मात्र तीन ठिकाणी. शिवाय ज्या अक्षरावरून जोर उठला, त्याच्या स्वरात बहुधा दम राहत नाही. 'फो'चा नुसता 'फ' होतो, तोही ओझरता. इंग्रजी बातम्या ऐकताना निवेदक शब्द गिळतोय असं वाटतं ना, ते यामुळंच.

आपल्याकडं अक्षर गिळायची चाल नाही. 'रिस्पॉन्सिबिलिटी'ची सहाही अक्षरं आपण नीट, सारख्या मापानं म्हणतो. इंग्रजाच्या तोंडी 'बि' ठणठणीत, 'स्पॉन्' थोडं कमी, बाकीची नुसती हजेरी लावून जातात. मराठी बोलताना आपल्याच पद्धतीनं म्हणावं. तिथं 'फटॉग्रफी' म्हणणारा उगाच शिष्ट वाटतो. पण इंग्रजीतून मुलाखत द्यायची असेल, तर हा जोर सांभाळलेला बरा.

तो कुठं पडतो हे ओळखायचं, तर आधी शब्दाचं शेपूट बघा. शेवटी 'इटी' असेल तर जोर त्याच्या लगेच आधी: युनिव्हर्सिटीत 'व्हर्'वर, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर. 'शन'चंही तसंच, एक्झॅमिनेशनमध्ये 'ने'वर. 'इक'ही बहुतेक वेळा हेच पाळतं, पण अंकगणिताचं 'अरिथ्मेटिक' नेमकं वाकडं चालतं. तिथं जोर 'रिथ्'वर.

शंका आली तर कोश उघडा. 1917 साली निघालेला डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश यासाठीच आहे. त्यात जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. काही अमेरिकन कोशांत मात्र ती अक्षरानंतर येते, तेव्हा कोशाच्या सुरुवातीची खुणांची यादी आधी वाचा. नाहीतर रेघ बरोबर दिसूनही जोर भलत्याच अक्षरावर पडायचा.

अमेरिका आणि ब्रिटनमधला फरक एवढ्यावर थांबत नाही. ओळ संपताना 'फोटोग्राफर' हा शब्द तोडायचा झाला, तर अमेरिकन छापखाने उच्चार बघतात आणि 'फोटॉग'नंतर तोडतात. जुनी ब्रिटिश रीत शब्दाचं मूळ बघून 'फोटो'नंतर तोडायची. जोराच्या जागाही कधी वेगळ्या: 'लॅबोरेटरी'त लंडनचा जोर दुसऱ्या अक्षरावर, न्यूयॉर्कचा पहिल्यावर. आणि 'कॉन्ट्रोव्हर्सी'चा जोर पहिल्या अक्षरावर की दुसऱ्या, यावर खुद्द ब्रिटनमध्येच एकमत नाही.