परदेशी दंतवैद्याची दुसरी परीक्षा



चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून बी.डी.एस. झालेल्या भारतीय दंतवैद्याला ब्रिटनमध्ये लगेच रुग्ण तपासता येत नाहीत. तेथील जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी व्हावी, यासाठी बहुतेकांना ओ.आर.ई. ही परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग लेखी असतो. दुसऱ्यात पुतळ्याच्या तोंडातील कृत्रिम दातांवरील काम, उपचारांची आखणी, आणीबाणीचे प्रसंग आणि रुग्णाशी संवाद यांची कसोटी लागते. प्रत्येक भागासाठी संधी चारच. शिवाय किमान १६०० तास स्वतः रुग्णांवर उपचार केल्याचा पुरावा लागतो.

खरा कस प्रतीक्षेत लागतो. परीक्षेच्या जागा मर्यादित असतात. तारीख मिळेपर्यंत कर्ज वाढते आणि सराव सुटलेला हात जड होतो. म्हणून पहिला भाग उत्तीर्ण होईपर्यंत येथील दवाखाना सोडू नये आणि महाविद्यालयाकडून तासांची प्रमाणपत्रे वेळीच घ्यावीत.

पालकांना चिंता असते ती इंग्रजीची. त्या भाषेची चाचणी आहेच. परंतु संवादाच्या परीक्षेत भाषेच्या अलंकारांना महत्त्व नसते; घाबरलेल्या माणसाला दाढ काढण्याचे कारण, त्यातील धोका आणि अन्य पर्याय सोप्या शब्दांत सांगता यावे लागतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेतले मूल वर्गात मराठीतून विषय समजून घेते आणि बाजारात प्रांताच्या भाषेत व्यवहार करते. समोरच्याला समजेल असे बोलण्याची सवय त्याला लहानपणीच लागते. त्याने इंग्रजीला भिऊ नये; भ्यावे ते अपुऱ्या तयारीला.