तरुणांचीं व्यसनें आणि घरचा दवाखाना

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मग्रामांतील एका डॉक्टरांनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं व्यसनाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु सणापूर्वीं घर झाडावयास घेतलें म्हणजे माळ्यावरील जळमटेंही काढावीं लागतातच. ज्या तरुणांच्या हातीं हा धर्मग्राम पुढें सोंपवावयाचा, त्यांच्या देहामनाला लागणाऱ्या वाळवीचा विचार आज करावयाचा नाहीं, तर मग केव्हां? मी धर्मोपदेशक नव्हे. एका साध्या दवाखान्यांत बसणारा डॉक्टर आहें. म्हणून व्यसनाचें पाप किती मोठें, हें सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. व्यसन मुळें धरण्यापूर्वीं तें ओळखावें कसें व थोपवावें कसें, एवढेंच मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम थोडे आंकडे. केंद्र सरकारच्या वतीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें १० ते ७५ वर्षें वयाच्या लोकांपैकीं शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें १६ कोटि माणसें दारू घेणारीं निघालीं. आणि सुमारें ५.७ कोटि माणसांस तिच्यापासून अपाय होत होता, किंवा तीं तिच्या अधीन झालेलीं होतीं. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारें ३.१ कोटि, व अफू, हेरॉईन ह्यांसारखे पदार्थ घेणारे सुमारें २.२६ कोटि. परंतु ह्या कोटींपेक्षां त्याच अहवालांतील एक लहान आंकडा मला अधिक बोंचतो. दारूच्या अधीन झालेल्या ३८ माणसांमागें केवळ एकानें आपणांस कांहीं उपचार मिळाल्याचें सांगितलें. उरलेले ३७ कोठें आहेत? ते आपल्याच घरांत, आपल्याच आळींत आहेत. कित्येक तर रविवारीं मिस्सेच्या वेळीं आपल्या शेजारच्या बांकावर बसलेले असतात.

व्यसन एका दिवसांत जडत नाहीं, आणि तें केवळ वाईट मुलांनाच जडतें असेंही नाहीं. मेंदूचा जो भाग मोह आवरतो व परिणामाचा विचार करितो, तो सर्वांच्या शेवटीं, वयाच्या पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो. सुखाची ओढ लावणारा भाग मात्र त्याच्या पुष्कळ आधीं जागा होतो. घोडा तरणा आणि लगाम अद्याप कच्चा, अशी ही अवस्था. अमेरिकेंत १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं वा त्यापूर्वीं पिऊं लागलेल्यांपैकीं शेंकडा ४० लोक पुढें केव्हांना केव्हां दारूच्या अधीन झाले. विशीनंतर पिऊं लागलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास होतें. लवकर पिणाऱ्यांच्या घरची परिस्थितिही वेगळी असूं शकते, हें खरें. तथापि पहिला पेला जितका लांबणीवर पडेल तितकें बरें, एवढें त्यावरून निश्चित म्हणतां येतें. आणि आपल्याकडे तो पहिला पेला पुष्कळदां परका माणूस देत नाहीं. "पोरगा आतां मोठा झाला" असें म्हणून लग्नाच्या मांडवांत काकामामाच तो भरून देतात.

आतां दवाखान्याकडे वळूं. ते ३७ जण दवाखान्यांत येत नाहींत असें नाहीं. ते येतात, परंतु दुसऱ्या नांवानें येतात. कोणी पोटांत आग होते म्हणून येतो, कोणी झोंप लागत नाहीं म्हणून, कोणी मोटारसायकलवरून पडून. एखादी आई "पोराला अन्न जात नाहीं, कांहीं शक्तीचें औषध द्या" असें म्हणत मुलाला घेऊन येते. डॉक्टर गोळी देतो, जखम शिवतो, आणि विचारावयाचा एक प्रश्न तसाच राहून जातो. बाहेर गर्दी असते, घराणें ओळखीचें असतें, आणि संकोच दोन्ही बाजूंस असतो.

हा प्रश्न विचारावा कसा, ह्याचेंही शास्त्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें दारूसाठीं १० प्रश्नांची, व तंबाखूपासून अफूपर्यंत सर्व पदार्थांसाठीं ८ प्रश्नांची, अशा दोन प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. त्यांस यंत्र लागत नाहीं कीं रक्त काढावें लागत नाहीं. किती वेळां घेतां, तलफ किती वेळां येते, तीपायीं नेहमींचें काम राहून गेलें काय, घरच्यांनीं चिंता बोलून दाखविली काय, असे ते साधे प्रश्न असतात. उत्तरांस गुण देऊन धोका थोडा, मध्यम कीं मोठा, हें ठरवितात. मात्र तीन पथ्यें पाळावीं लागतात. रक्तदाब जसा सर्वांचा पाहतात, तसे हे प्रश्न सर्वांस विचारावे, म्हणजे "माझ्यावरच संशय कां?" असें कोणास वाटत नाहीं. मुलगा असो वा मुलगी, आईबापांस बाहेर बसवून एकट्याला विचारावें. आणि उत्तर ऐकून भुंवया चढवूं नयेत. "सोड, नाहींतर मरशील" ह्या वाक्यानें फार थोड्यांची सुटते. "ह्यांत तुला काय मिळतें, आणि तुझें काय जातें?" असें विचारलें, तर तरुण स्वतःच हिशेब मांडूं लागतो, आणि स्वतः मांडलेला हिशेब माणूस लवकर विसरत नाहीं.

पांच मिनिटांच्या बोलण्यानें व्यसन टळतें काय, असें कोणी विचारील. दारूच्या बाबतींत अशा थोडक्या सल्ल्याचा उपयोग होतो, ह्यास बराच पुरावा आहे. इतर मादक पदार्थांच्या बाबतींत तसा नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत अशा संक्षिप्त सल्ल्यानें त्या पदार्थांचें सेवन घटलें नाहीं. २०२० सालीं तेथील तज्ज्ञमंडळानेंही, मुलांस व तरुणांस त्यांपासून दूर ठेवण्याच्या कामीं दवाखान्यांतील समुपदेशाचा लाभ ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असा निर्वाळा दिला. म्हणून प्रश्न विचारूंच नये काय? तसें नव्हे. प्रश्न म्हणजे दार ठोठावणें. दार उघडल्यावर आंत जाऊन बसणारें माणूस पाहिजे.

असें माणूस कोठून आणावयाचें, ह्याचें उत्तर शेजारच्या गोव्यानें दिलें आहे. तेथें 'संगाथ' ह्या संस्थेनें १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आले. अपाय होईल इतकी दारू पिणारे, तरुण व प्रौढ असे ३७७ पुरुष त्यांत होते. एका गटास नेहमींचे उपचार दिले. दुसऱ्या गटास त्यांशिवाय समुपदेशकाबरोबर जास्तींत जास्त चार बैठका. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्याच समाजांतील सामान्य माणसें निवडून त्यांस ह्या कामापुरतें शिक्षण दिलें होतें. तीन महिन्यांनीं बैठका मिळालेल्या गटांत शेंकडा ३६ जणांचें पिणें धोक्याच्या पातळीखालीं आलें, तर दुसऱ्या गटांत शेंकडा २६ जणांचें. हा पूर्ण विजय नव्हे. जे पीत राहिले, त्यांचें रोजचें प्रमाण कांहीं कमी झालें नाहीं. परंतु शंभरामागें दहा माणसें अधिक सांवरलीं, आणि तीं सांवरलीं ती शेजाऱ्यांच्या संगतीनें!

तरीही पाऊल अडतें तें भीतीनें. पहिली भीति अब्रूची. पापनिवेदन धर्मगुरूच्या कानाबाहेर जात नाहीं, ही आपली खात्री असते. डॉक्टरची गुप्तता तितकी निरपवाद नसते. जीव धोक्यांत असेल तर त्यास बोलावेंच लागतें. परंतु एरवीं तीही कायद्यानें बांधलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यांत व्यसनजन्य मनोविकारांचा समावेश असून रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचें बंधन घातलें आहे. दुसरी भीति पोलिसांची. १९८५ च्या मादक पदार्थविषयक कायद्याचें कलम ६४-अ असें सांगतें कीं, सेवनाबद्दल वा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेनें सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार पुरा करील, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळतें. मुलाला लपविणाऱ्या आईबापांनीं हें कलम ध्यानांत ठेवावें.

आणखी एक इशारा देतों. जो रोज भरपूर पितो, त्यास खोलींत कोंडून त्याची दारू एकाएकीं तोडूं नये. झटके येतात, वात होतो, प्रसंगीं प्राणही जातो. तें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. रोग वाढलेला असेल तर वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें १९८१ सालीं सुरू झालेलें 'कृपा फाउंडेशन', पुण्याचें १९८६ पासूनचें 'मुक्तांगण' ह्यांसारखीं ठिकाणें आहेत. आणि १४४४६ ह्या राष्ट्रीय दूरध्वनीवर सल्ला मिळतो. परंतु तेथवर वेळ येऊं न देणें, हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. बाराव्या वर्षीं मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेंच पिऊं लागला. १८८४ सालीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें दारू सोडण्याची शपथ घेतली ती केवळ तीन महिन्यांची! ती पुढें वाढत जन्माची झाली. १९७५ सालीं पवित्र सभेनें त्यास 'पूजनीय' म्हणून गौरविलें. त्या गौरवापलीकडे मला दोन गोष्टी दिसतात. बारा आणि अठ्ठावीस ह्यांच्या मधलीं सोळा वर्षें वांचवितां आलीं असतीं, ही एक. आणि माणूस सावरतो तो झेपेल एवढ्या पहिल्या पावलानें, ही दुसरी.

म्हणून ह्या ज्युबिली वर्षीं आपणही झेपेल एवढेंच पाऊल टाकूं या. आईबापांनीं मुलाच्या हातीं पेला देऊं नये, आणि त्यानें घेतल्याचें कळल्यास आधीं आरडाओरड न करितां त्याच्याजवळ बसावें. आम्हां डॉक्टरांनीं तो राहून जाणारा प्रश्न रोज विचारावा. आणि गोव्याप्रमाणें आपल्या धर्मग्रामांतील चार-सहा समंजस स्त्रीपुरुषांनीं रीतसर शिक्षण घेऊन, दार उघडणाऱ्या तरुणाजवळ बसावयास तयार व्हावें. ज्यांची तयारी असेल त्यांनीं सभा संपल्यावर प्रमुख धर्मगुरूंकडे आपलीं नांवें द्यावीं. त्यांत माझें नांव पहिलें घालावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.