रिकाम्या आकाशातली माणसं



कवीनं आकाशाबद्दल बोलावं यात नवल काही नाही. चंद्र आणि चांदण्या हा आमचा पिढीजात माल! पण आज मी बोलणार आहे ते संगणकातल्या आकाशाबद्दल. जगभरची माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी खेळतात, अशा अंतराळातल्या खेळांबद्दल. मी या खेळांतला उस्ताद नाही. रात्रीची जेवणं आटोपली की तासभर बसतो, तेही रोज नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला यानाच्या इंजिनातलं काय कळणार? पण माणसांची पारख थोडीफार आहे. म्हणून मी हे खेळ दोन कसोट्यांवर पाहतो. तिथं दुसरा माणूस भेटला की काय होतं? आणि माझ्यासारख्या तासाभराच्या पाहुण्याला तो खेळ कसा वागवतो?

या खेळांना दुसऱ्या माणसाची ओढ जन्मापासून आहे. १९६२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. मधोमध एक तारा, त्याची ओढ सांभाळत फिरणारी दोन यानं आणि ती चालवणारी दोन हाडामांसाची माणसं. पुढे १९८४ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ‘एलिट’ आणला. त्यात व्यापार होता, लुटारू होते, आठ आकाशगंगा होत्या. पण खेळणारा मात्र एकटाच. इंटरनेट आलं आणि या एकट्याला पुन्हा सोबत मिळाली.

आज मी ज्यांची तुलना करणार आहे, त्यांत वयानं थोरला ‘ईव्ह ऑनलाइन’. मे २००३ मध्ये आइसलँडची राजधानी रेक्याविक इथल्या सीसीपी या कंपनीनं तो सुरू केला. चीनचा अपवाद सोडला तर साऱ्या जगाचे खेळाडू एकाच विश्वात असतात. सात हजारांहून अधिक तारामंडळं आणि त्यांत गजबजलेला बाजार! यानं खेळाडूच बांधतात, खेळाडूच विकतात आणि खेळाडूच फोडतात. हा बाजार एवढा वाढला, की २००७ मध्ये कंपनीनं त्याच्या अभ्यासासाठी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. २००८ पासून खेळाडू मतदान करून आपले प्रतिनिधीही निवडू लागले.

इथं फुटलेलं यान परत मिळत नाही. विम्याचे काही पैसे मिळतात, इतकंच. फसवणूक, हेरगिरी, मित्राच्या तिजोरीवर डल्ला, हे सगळं खेळाच्या नियमांत बसतं. जानेवारी २०१४ मध्ये एका तारामंडळाच्या ताब्याचं ठरलेलं देणं वेळेवर भरलं गेलं नाही. एवढ्या कारणावरून युद्ध पेटलं. सुमारे २१ तास चाललं, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले आणि ‘टायटन’ जातीची सर्वांत मोठी ७५ यानं नष्ट झाली. त्या नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत ३ लाख डॉलरच्या घरात गेली. घरपट्टी भरायची राहिली आणि गावात लढाई जुंपली, असाच हा प्रकार!

पण याच खेळातली दुसरी गोष्ट ऐका. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियात बेनगाझी इथं अमेरिकेच्या राजनैतिक कार्यालयावर हल्ला झाला. त्यात शॉन स्मिथ हे अधिकारी मारले गेले. ‘ईव्ह’मध्ये ते ‘व्हाइल रॅट’ या नावानं खेळत. तिथंही त्यांचं काम मुत्सद्द्याचंच होतं. दोन गटांत बोलणी करायची, तह जमवायचे. त्यांच्या मृत्यूची बातमी पसरली आणि त्या विश्वातल्या कितीतरी अवकाशस्थानकांची नावं त्यांच्या स्मरणार्थ बदलली गेली. मित्रांनी बदलली, तशी विरोधकांनीही. ज्यांचा चेहराही कधी पाहिला नाही, अशा माणसासाठी!

तासाभराच्या पाहुण्याला ‘ईव्ह’ कसा वागवतो? एका बाबतीत तो दयाळू आहे. तिथली विद्या घड्याळाच्या काट्यावर वाढते. संगणक बंद करून मी झोपलो तरी माझा वैमानिक शिकतच राहतो. नोव्हेंबर २०१६ पासून काही मर्यादा सांभाळून तो फुकटही खेळता येऊ लागला. पण ज्याला तिथं मोठं व्हायचंय, त्याच्याकडून हा खेळ नोकरीसारखे तास मागतो. हजेरी, वरिष्ठांचे हुकूम, रात्रपाळी, सगळं आलं. नोकरीच करायची तर पगाराची का करू नये, असं मला वाटतं.

दुसरा खेळ ‘एलिट डेंजरस’. मघाच्या त्या जुन्या ‘एलिट’चा हा वारसदार. ब्रेबेन यांच्याच केंब्रिजमधल्या कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये तो काढला. आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारात त्यांनी उभी केली आहे. सुमारे ४० हजार कोटी तारामंडळं! शास्त्रज्ञांना ठाऊक असलेले तारे आपापल्या जागी ठेवले, उरलेली जागा गणितानं भरली. एखाद्या ताऱ्यापाशी तुम्ही पहिल्यांदा पोहोचलात आणि परत येऊन त्याची नोंद केलीत, की तिथं तुमचं नाव लागतं. प्रकाशकाला हस्तलिखित पाठवून वाट पाहणाऱ्या कवीला हे किती सुखाचं वाटत असेल, सांगायला नको!

हा खेळ एकट्यानं खेळता येतो, ठरावीक मित्रांत खेळता येतो किंवा सर्वांसाठी दार उघडं ठेवूनही खेळता येतो. आकाशगंगा एवढी मोठी, की दार उघडं ठेवलं तरी तास न् तास कुणी भेटत नाही. आणि या रिकामेपणातूनच एक सुंदर गोष्ट जन्माला आली. दूरच्या आकाशात इंधन संपलं, की यान बंद पडतं आणि काही मिनिटांचाच प्राणवायू उरतो. अशांना वाचवण्यासाठी खेळाडूंनी आपणहून एक पथक काढलं, ‘फ्युएल रॅट्स’. हाक आली की यांचे स्वयंसेवक निघतात, शेकडो प्रकाशवर्षं तुडवत पोहोचतात, इंधन देतात आणि मोबदला न घेता परततात. आजवर हजारो यानं त्यांनी अशी सोडवली. मोहरमला आमच्या मोहल्ल्यात सबील लागते, आषाढीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांसाठी पाण्याचे माठ मांडतात. तहानलेल्याला जात विचारायची नाही, ही तीच रीत. खेळाच्या नियमांत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. माणसांनीच ते तिथं नेलं.

तिसरा ‘नो मॅन्स स्काय’. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या एका छोट्या चमूनं तो आणला. यातल्या ग्रहांची संख्या म्हणजे १८ च्या पुढे १८ शून्यं, त्याहूनही थोडी अधिक. पहिल्याच दिवशी दोन खेळाडूंनी ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी भेट घ्यायची असं केलं. दोघं पोहोचले, त्याच जागी उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत! खेळ निघण्याआधी दुसरा खेळाडू भेटू शकेल असं सांगितलं गेलं होतं, त्यामुळे लोक फार चिडले. पण त्या चमूनं काम थांबवलं नाही. नवी भर फुकट देत राहिले आणि जुलै २०१८ पासून माणसं एकमेकांना खरोखर दिसू लागली. आता दोघांनी मिळून घर बांधता येतं. आपलं कुणी काही मोडू नये, अशी सोयही करता येते.

‘स्टार सिटिझन’ही बराच गाजतो. २०१२ पासून लोकवर्गणी गोळा करत २०२२ मध्ये त्यानं ५० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. पण माझ्या साध्या संगणकाला तो पेलत नाही, त्यामुळे त्यावर मत देणं बरं नव्हे.

आता माझ्यापुरतं सांगतो. माझा भाचा कुवेतमध्ये नोकरीला गेला. फोन यायचा. कसा आहेस, जेवलास का, तिकडे ऊन किती, एवढं झालं की दोघंही गप्प. मग त्यानंच मला ‘नो मॅन्स स्काय’ शिकवला. आम्ही एका ग्रहावर घर बांधायला घेतलं. कानाला हेडफोन, इकडे साडेदहा, तिकडे आठ. शेंगा तोडायला बसलेल्या बायका जशा हातानं काम करता करता मनातलं बोलतात, तसं आमचं सुरू झालं. एका रात्री भिंत रचता रचता तो म्हणाला, “मामू, नोकरी गई. अम्मी कू बोल्या नै.” महिना झाला होता. इतके दिवस फोनवर त्यानं हे आत दाबून ठेवलं होतं. मी उपदेश केला नाही. “छप्पर राह्या है, वो डाल लेंगे पैले,” एवढंच म्हणालो. छप्पर होईस्तोवर त्यानं सगळं सांगितलं. दोन दिवसांनी माझ्या बहिणीलाही सांगितलं. पुढे चार महिन्यांनी दुसरं काम मिळालं.

‘ईव्ह’मध्ये तो हे बोलला असता, असं मला वाटत नाही. तिथं एक डोळा सतत शत्रूवर ठेवावा लागतो. ‘एलिट’मध्येही यान चालवण्यातच जीव गुंततो. ज्याला बाजाराची नशा आहे, त्यानं ‘ईव्ह’कडे जावं. ज्याला एकटं भटकायला आवडतं, त्यानं ‘एलिट’ घ्यावा. आणि घरातलं माणूस दूर असेल, हाताशी तासभरच असेल, तर माझं मत ‘नो मॅन्स स्काय’ला.

मात्र मुलांच्या हाती यांतला कुठलाही खेळ देताना दोन गोष्टी पाहा. खेळाच्या आत खरे पैसे खर्च करण्याची वाट असेल, तर ती आपल्या हाती ठेवा. आणि अनोळखी माणसांशी बोलणं होतं, तेव्हा अधूनमधून शेजारी जाऊन बसा. काय खेळतोस, हे सगळेच विचारतात. कुणाबरोबर खेळतोस, हेही विचारा. तुमच्यासाठी एखादी खुर्ची ओढली गेली, तर नाही म्हणू नका.