जुना कॅमेरा घेताना: लेन्समधली बुरशी



आम्ही परळ-लालबागच्या बायका. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं आणि गणपतीचे फोटो काढून चार पैसे मिळवतो. तुमच्या गटांकडून हल्ली एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. गटासाठी जुना कॅमेरा घ्यायचाय, मुंबईहून आणला तर चालेल का? चालेल की! पापड-मसाल्याच्या पाकिटांचे फोटो, पासपोर्ट फोटो, गावातली लग्नकार्यं, एवढं काम जुन्या कॅमेऱ्यावर छान होतं. फक्त घेण्याआधी लेन्सच्या आत बुरशी आहे का, ते बघायला शिका. बाजारात तिला 'फंगस' म्हणतात. आज तिच्याबद्दलच बोलू.

बुरशी तुम्हाला नवी नाही. पावसाळ्यात लोणच्यावर येते, नीट न वाळलेल्या पापडावर येते, ट्रंकेतल्या चामडी चपलेवर येते. लेन्समध्ये येते तीही तशीच. तिचे बीजकण हवेत सगळीकडे असतात. त्यांना ओल, अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की ते रुजतात. काच काही त्यांचं अन्न नाही. काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा, आतल्या वंगणाचा अंश एवढ्यावर त्यांचं भागतं. पण वाढताना बुरशी आम्ल सोडते. ते आम्ल आधी काचेवरचा पातळ लेप खातं आणि फार दिवस गेले तर काचसुद्धा. म्हणून वेळेत सापडलेली बुरशी पुसून निघते. जुनी झाली की बुरशी निघते, पण तिचा डाग राहतो.

आता मुंबईचंच नाव का घ्यायचं? इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि लेन्समध्ये बुरशी वाढायला साठ-पासष्ट टक्केसुद्धा पुरतात. त्यात गिरगाव-लालबागच्या चाळीतली खोली म्हणजे दहा बाय बाराची. स्वयंपाकाची वाफ तिथेच, ओले कपडे तिथेच वाळत घातलेले आणि ओल धरलेल्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. त्या कपाटात चामडी पिशवीत वर्षभर पडून राहिलेली लेन्स एक दिवस विकायला निघते. फोर्टात बोरा बझारकडच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत किंवा चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जो जुना माल दिसतो, त्यातला बराचसा अशा घरांतून आलेला असतो. कोकणातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको, त्यांच्या घरातही हीच हवा. देशावर, मराठवाड्यात धोका कमी, पण पावसाळा तिथेही असतोच.

गेल्या वर्षी एका गटाच्या बाया आमच्याकडे लेन्स घेऊन आल्या. बचतीच्या पैशातून घेतलेली. दिवसाउजेडी काढलेले फोटो ठीक होते, पण लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळेसमोर नवरी उभी राहिली की सगळा फोटो दुधाळ व्हायचा. नवरीच्या आईला वाटलं, यांना फोटोच काढता येत नाहीत. मागून बॅटरी लावली तर आत कोळ्याचं जाळं. विकणाऱ्याने पावती दिली नव्हती, त्यामुळे परत करायची सोयही नव्हती. बायांच्या हाताला दोष नव्हता, दोष काचेत होता. पण नाव गेलं ते बायांचं, आणि ती अक्षता पडतानाची घडी काही पुन्हा येणार नव्हती.

तर लेन्स घेताना तपासायची कशी? लेन्स कॅमेऱ्यावरून काढायला लावा. पुढचं-मागचं दोन्ही झाकणं काढा. आतल्या पाकळ्या पूर्ण उघडलेल्या हव्यात. कशा उघडायच्या ते दुकानदाराला विचारा. मग सावलीत उभं राहून मोबाईलची बॅटरी एका बाजूने लावा आणि दुसऱ्या बाजूने जरा तिरकं बघा. नंतर बाजू बदला. बारीक धाग्यांचं जाळं, झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या किंवा कापसाच्या पुंजक्यासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. सुटे बारीक कण दिसले तर ती धूळ. थोडीफार धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, तिला घाबरू नका. सगळी काच धुरकट दिसली तर आत वंगणाची वाफ बसलेली असते. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा बुडबुडे दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटत आलाय. ती लेन्स खाली ठेवा.

डोळ्याला समाधान झालं तरी एक फोटो काढा, दिव्याच्या किंवा उजेडाच्या खिडकीच्या समोर. कडेला एखादा लहानसा ठिपका असेल तर फोटोत बहुधा काहीच दिसत नाही. अशी लेन्स भाव पाडून घ्यायला हरकत नाही. जाळं मधोमध असेल किंवा मागच्या काचेवर असेल तर घेऊ नका. आणि पावतीवर 'बुरशी निघाल्यास परत घेऊ' असं लिहून घ्या. भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटून बघतो. इथे तर गटाचे पैसे आहेत, लाजायचं कशाला?

घेतलेल्या लेन्समध्ये नंतर बुरशी निघाली तर? ती सगळ्यात बाहेरच्या काचेवर असेल तर घरी साफ होते. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा. लेन्स पुसायच्या मऊ कापडावर लेन्सचं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या. थेंब कापडावर, काचेवर नाही. मधून कडेकडे गोल गोल हलक्या हाताने पुसा. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात इतर पदार्थही असतात. लिंबू, व्हिनेगर, दंतमंजन यातलं काहीही नको. आणि पदर तर नकोच. चष्मा पदराने पुसायची सवय असते आपल्याला, पण धुळीचा एक कण काचेवर कायमची रेघ ओढतो.

बुरशी आतल्या काचेवर असेल तर कारागीराकडे जा. लेन्स उघडायला वेगळी हत्यारं लागतात आणि आतल्या कड्या होत्या तशाच बसल्या नाहीत तर फोटो स्पष्ट येत नाही. आधी खर्च विचारा. लेन्सच्या निम्म्या किमतीहून जास्त सांगितला तर दुसरी लेन्स बघितलेली बरी. काम झाल्यावर लांबच्या देवळाच्या कळसाचा फोटो काढून बघा. कळस स्पष्ट आला तरच पैसे द्या.

गोधडीला दाखवतो तसं लेन्सलाही ऊन दाखवा, असं बरेच जण सांगतात. ते करू नका. भिंगाने कागद पेटतो हे आपण लहानपणी खेळून बघितलंय. उन्हाने वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर येतं आणि बुरशीचं जाळं तर जागच्या जागीच राहतं. तांदळाच्या डब्यातही लेन्स पुरू नका, पिठूळ धूळ आत जाते.

साफ झालेल्या लेन्सला ओल मिळाली की बुरशी पुन्हा येते. म्हणून खरं औषध म्हणजे कोरडं ठेवणं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला की झालं. नारिंगी रंगाचं जेल घ्या. ओल शोषली की ते हिरवं पडतं, मंद आचेवर गरम केलं की पुन्हा नारिंगी होतं. निळं जेल विषारी असतं, ते टाळा. गरम करायला वेगळी जुनी कढई ठेवा, ती परत स्वयंपाकात आणायची नाही. चामडी पिशवी फक्त वाटेपुरती, घरी आलं की लेन्स डब्यात. पावसातून आलात तर आधी पुसून, पंख्याखाली कोरडी करून मग डब्यात ठेवा. आणि काम नसलं तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढा, कडी फिरवा, चार फोटो काढा.

गटात हे काम एकीच्या नावाने लावून द्या आणि जेल कधी गरम केलं त्याची तारीख वहीत लिहा. हे काम बारीक दिसतं, पण धंदा यावरच उभा राहतो. दादासाहेब फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' बनवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात तो लोकांना दाखवला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं, रसायनं कालवायचं आणि सगळ्या मंडळींना जेवू घालायचं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. यंत्र सांभाळणं हे बायकांचं काम नव्हे असं कुणी म्हणालं, तर त्यांचं नाव सांगा.

तेव्हा बाजारात जाताना बॅटरी असलेला मोबाईल, मऊ कापड आणि एक जाणती मैत्रीण बरोबर न्या. घाई करू नका. एका दुकानात मनासारखी मिळाली नाही तर पुढच्या दुकानात मिळेल. तुमच्या गटाच्या पहिल्या फोटोला आमच्या शुभेच्छा. नमस्कार.