हवा सर्वांची, कर कोणाचा?

(दिल्लीतील मराठी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पर्यायी इंधनावरील कर हा विषय अर्थखात्याच्या दालनातला आहे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु दिल्लीच्या रस्त्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत ऑटोरिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या भाकरीशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणूनच तो आपला विषय आहे.

या चालकाने गॅस स्वखुशीने निवडला नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात आदेश दिला. १९९० पूर्वीच्या ऑटो व टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत काढून त्यांच्या जागी स्वच्छ इंधनाच्या नव्या गाड्या आणाव्यात आणि ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातील सर्व बसगाड्या सीएनजीवर चालवाव्यात, असे त्यात म्हटले होते. हवा सुधारणे आवश्यकच होते, कारण धुराचा पहिला घास रस्त्यावर राबणारा माणूसच असतो. परंतु पंप अपुरे होते, आणि टाकी भरण्यासाठी तासन् तास रांगेत उभे राहण्याची पाळी याच चालकांवर आली. बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई कोणी केली नाही.

आता कराकडे वळू. इंधनावर कर का, असे विचारले की उत्तर मिळते: रस्त्यांसाठी. १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर त्यासाठी लिटरमागे एक रुपयाचा उपकर बसला. २०१८ साली ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ या नावाने तो आठ रुपयांचा झाला. (‘उपकर’ आणि ‘उपकार’ यांत मराठीत एका कान्याचेच अंतर आहे; अनुवाद करताना हा शब्द लिहिला की दर वेळी हात अडखळतो.) या उपकराचा वाटा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, म्हणून केंद्राला तो विशेष प्रिय आहे.

सीएनजीवर हा उपकर नाही. तेथे दुसरीच युक्ती आहे. नळातून स्वयंपाकघरात येणाऱ्या गॅसवर अबकारी कर नाही; मात्र तोच गॅस पंपावर दाबून टाकीत भरला की कायद्याच्या भाषेत ते ‘उत्पादन’ ठरते आणि त्यावर १४ टक्के अबकारी कर बसतो. डिझेलवरचा केंद्रीय कर लिटरमागे ठरावीक रुपयांचा असतो. सीएनजीवरचा किमतीच्या टक्केवारीत. परिणामी गॅस महागला की करही आपोआप वाढतो. करपूर्व मूल्य ४० रुपये असेल तर कर ५ रुपये ६० पैसे. तेच ६० झाले तर ८ रुपये ४० पैसे. त्यासाठी ना संसदेत चर्चा लागते, ना अर्थसंकल्प.

हे केवळ गणित नव्हे. मार्च २०२१ मध्ये दिल्लीत सीएनजी किलोला ४३ रुपये ४० पैसे होता. युक्रेनचे युद्ध पेटले, जगात गॅसचे भाव भडकले, आणि एप्रिल २०२२ च्या मध्यास तो ७१ रुपये ६१ पैशांवर, डिसेंबरात ७९ रुपये ५६ पैशांवर गेला. याच काळात केंद्राने डिझेलवरील कर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपयांनी व मे २०२२ मध्ये ६ रुपयांनी उतरवला. सीएनजीच्या १४ टक्क्यांना मात्र हात लागला नाही. पेट्रोल-डिझेलच्या मानाने गॅसवरचा कर आजही हलका आहे, हे मान्य करू. परंतु ऑटोचे भाडे सरकार ठरवते आणि गॅसचा भाव बाजार ठरवतो. या दोहोंच्या मध्ये चालक चिरडला जातो. १८ एप्रिल २०२२ रोजी दिल्लीतील ऑटो-टॅक्सीचालकांनी संप केला आणि किलोमागे ३५ रुपयांच्या अनुदानाची मागणी केली. मीटरचे भाडे वाढले ते जानेवारी २०२३ मध्ये. त्याच एप्रिल महिन्यापासून महाराष्ट्राने सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला होता, म्हणजे मनात आणले तर कर उतरतो.

वनस्पतितेलाची कथा अधिक बोलकी आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. आपल्याकडे ४ मे २०२१ रोजी दिल्लीच्या टिकरी कलां येथील आगारातून, तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बनवलेले बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलचा पहिला पुरवठा निघाला. (टिकरीच्या सीमेवर त्या दिवशी शेतकरी ठाण मांडून बसले होते.) सप्टेंबर २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बायोडिझेलवरील कर १२ वरून ५ टक्के केला, पण केवळ मिश्रणासाठी तेल कंपन्यांना विकलेल्या मालापुरता. एखाद्या सहकारी संस्थेने तेल गोळा करून, इंधन बनवून थेट वाहतूकदाराला विकले, तर ती सवलत नाही. ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशातसुद्धा २००७ पासून वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत असे इंधन बनवणाऱ्या वा वापरणाऱ्या छोट्या माणसाला इंधनकर माफ झाला. येथे सवलतीची वाट मोठ्या कंपनीच्या दारातूनच जाते.

आणि विजेची मोटार? २०२० च्या दिल्लीच्या धोरणाने विजेच्या गाड्यांना रस्ता कर माफ केला. ई-ऑटोलाही तीस हजारांचे अनुदान दिले, हे चांगलेच झाले. परंतु दिल्लीत खाजगी पेट्रोल मोटारीवरचा रस्ता कर किमतीनुसार ४ ते १० टक्के असतो. म्हणजे तीस लाखांची विजेची मोटार घेणाऱ्याला तीन लाखांची माफी, आणि गॅसवर पोट भरणाऱ्याकडून किलोकिलोला वसुली! हवा स्वच्छ ठेवल्याचे बक्षीस ऐपतीच्या प्रमाणात वाटले गेले.

आपला विरोध स्वच्छ इंधनाला नाही. प्रवासी वाहतुकीच्या सीएनजीवरील अबकारी कर रद्द करावा, रस्ता कराच्या माफीला गाडीच्या किमतीची मर्यादा घालावी, आणि सहकारी संस्थांच्या बायोडिझेलला कंपन्यांइतकीच सवलत द्यावी, या आपल्या मागण्या आहेत. यातली पहिली काही अतिरेकी नव्हे. सरकारनेच नेमलेल्या किरीट पारीख समितीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराखाली येईपर्यंत हा कर कमी ठेवावा, असे सुचवले होते.

थांब्यावर बोलताना मात्र ‘अप्रत्यक्ष कर’ या शब्दाने सुरुवात करू नका. चालकाला त्याच दिवशीचा किलोचा भाव विचारा आणि त्यातले सरकारचे किती, ते त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवा.