तारेचा फॉर्म आणि आपला ग्रुप



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे: 'ग्रुपवर कसं लिहावं'. मी काही लेखक नाही. तार ऑफिसच्या खिडकीमागे बसून लोकांचे शब्द मोजण्यात माझी बरीच नोकरी गेली, म्हणून माझी निवड झाली असावी.

१५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तार बंद झाली. ती होती तोवर शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे माणूस खिडकीशी येईपर्यंत मनातल्या मनात चार शब्द खोडून आलेला असे. कधी कधी नको तेवढे खोडलेले असत. 'आई सीरियस, निघ' एवढाच मजकूर. मग आम्ही विचारायचो, "काका, कुठं निघायचं? गावी की हॉस्पिटलात? पाठवणाऱ्याचं नाव?" दोन शब्द वाढत, थोडे पैसे जास्त जात, पण तिकडे तार वाचणारा बरोबर गाडीत बसे.

आज शब्द फुकट आहेत आणि खिडकीवर विचारणारा कोणी नाही. लिहिणारेही आपण आणि तपासणारा कारकूनही आपणच. मला वाटतं, ग्रुपवरचे निम्मे घोटाळे या रिकाम्या खुर्चीमुळे होतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. रात्री साडेआठला आपल्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: 'पुण्यात कोणी आहे का? अर्जंट.' बस्स. अर्ध्या तासात वीस-एक उत्तरं आली. कोणी हात जोडले, कोणी 'मी ठाण्यात' म्हणालं, कोणी 'काय काम होतं?' विचारलं, आणि मध्येच एकाने सकाळचा राहिलेला सुविचार टाकला. हा बिचारा हॉस्पिटलचे जिने चढत-उतरत होता, त्याला फोन बघायलाही फुरसत नव्हती. मी त्याला फोन लावला आणि जुन्या सवयीने चार प्रश्न विचारले: काय हवं, कुठे, कधीपर्यंत, कोणाला फोन करायचा? मग ग्रुपवर लिहिलं: 'बी पॉझिटिव्ह प्लेटलेट्ससाठी रक्तदाता हवा. डेंग्यूचा रुग्ण. आज, २३ ऑगस्ट, रात्री ११ पर्यंत.' खाली हॉस्पिटलचं नाव, भाग, मुलाचा फोन नंबर. साडेदहाच्या आत आपल्यापैकी दोघांची मुलं तिथे पोहोचली होती. वहिनी आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

नंतर तो मला म्हणाला, "त्या अर्ध्या तासात मला वाटलं, एवढी वर्षं उगाच मित्र मित्र म्हणत होतो." हे वाक्य मला लागलं. मदत करणारी माणसं तीच होती. फक्त काय करायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

आणखी एक. काम झाल्यावर मी लिहिलं: 'गरज पूर्ण झाली, कृपया पुढे पाठवू नये.' हे फार महत्त्वाचं आहे. प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, पण तारीख नसलेला मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. ज्या घरातलं माणूस बरं झालं, किंवा गेलं, त्या घरी दोन वर्षांनीही फोन येत राहतात. म्हणून मेसेजमध्ये 'आज', 'उद्या' एवढंच लिहू नका, तारीख घाला. तुमचा 'उद्या' मी परवा वाचतो.

दुसरं, एका मेसेजात एकच काम. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांतही अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा असं म्हटलं आहे. आपण मात्र सहलीची वर्गणी, कोणाच्या नातवाचं बारसं आणि गुडघ्याचा डॉक्टर एकाच दमात विचारतो. उत्तर बारशाला मिळतं, गुडघा तसाच राहतो.

तिसरं, नाव पुरं लिहा. आपल्या वर्गात चार सुरेश. 'सुरेशला ॲडमिट केलंय' असं कोणी लिहिलं की तीन घरांचे फोन विनाकारण वाजतात. हे दुखणं टपाल खात्याला आपल्या आधीच कळलं होतं. एकाच नावाची गावं अनेक, लिप्या निरनिराळ्या, अक्षर दिव्य. त्यावर उपाय म्हणून सहा आकडी पिनकोड आला, १५ ऑगस्ट १९७२ ला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतचे मोठे पंडित. भाषेवर एवढी हुकमत असलेल्या माणसालाही वाटलं की पत्ता सांगताना आकडा हवाच. आपणही सुरेशच्या पुढे आडनाव लावायला हरकत नाही.

चौथं, जमेल त्याने देवनागरीत लिहावं. रोमनमध्ये 'कधी' आणि 'कढी' सारखेच दिसतात. 'जेवायला कधी?' या प्रश्नावर एका मैत्रिणीने 'पिठलं पण' असं उत्तर दिलेलं तुम्ही सर्वांनी वाचलं आहे. टाइप करायला त्रास होत असेल तर बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये असते. पण पाठवण्याआधी एकदा वाचा. फोन आपलं मराठी ऐकून काय लिहील, याचा नेम नाही.

शेवटचं, रागाबद्दल. तारेतून कोणी भांडत नसे, परवडतच नसे. ग्रुपवर आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. समोर बसून "काय शहाणा आहेस!" म्हटलं तर दोघंही हसतात, तेच लिहिलं की माणूस ग्रुप सोडतो. आपले तिघं असे गेले. तिघांपैकी एकालाही इथल्या कोणी मुद्दाम दुखावलं नव्हतं. ज्याच्याशी मतभेद आहे त्याला वेगळा फोन करा. १७३ जणांसमोर कोणालाच माघार घेता येत नाही.

मित्रहो, आपण आता सत्तरीच्या उंबऱ्यावर आहोत. यापुढे ग्रुपवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' कमी आणि 'मदत हवी' जास्त येणार, हे आपल्याला माहीत आहे. मुलं लांब आहेत. काही जण घरात एकटे आहेत. अशा वेळी रात्री अकरा वाजता लिहिलेल्या तीन ओळी कोणाला तरी जागेवरून उठवणार आहेत. त्या तीन ओळींत काय हवं, कुठे आणि कधीपर्यंत, एवढं असू द्या. पुढचं हे सभागृह बघून घेईल, याची मला खात्री आहे.

आणि त्या तिघांचे नंबर माझ्याकडे आहेत. जेवणाआधी कोणाला फोन लावायचा असेल तर मी चहाच्या टेबलापाशी उभा आहे.