लग्नाला व्हिडिओवाला ठरविताना

घरात लग्न ठरले की आचाऱ्याशी बोलताना आपण मोठे व्यवहारी होतो. पाने किती, जिलेबी की बुंदी, तेल कोणते, वाढपी कोणाचे, सगळे विचारून घेतो. मांडववाल्याच्या खुर्च्यासुद्धा मोजून घेतो. व्हिडिओवाल्याला मात्र एकच प्रश्न विचारतो, "पॅकेज केवढ्याचं?" तो आकडा सांगतो, आपण त्यातले दोन-चार हजार कमी करून घेतो आणि विषय मिटला असे समजतो. जेवण चार दिवसांनी विसरले जाते. हा माणूस जे करून ठेवील, ते मात्र आपल्या नातवंडांना पाहावयाचे असते. म्हणून आज त्याच्याविषयी बोलावे म्हणतो.

माझे घर अंबरनाथच्या बुवापाड्यात. आम्ही आगरी. 1994 साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आमच्यात लग्नाला धवलारीण लागते. ठाणे-रायगडकडच्या श्रोत्यांना हे सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. लग्नातल्या एकेका विधीला त्याचे त्याचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाही. पूर्वी लग्न तीच लावीत असे. माझी आजी धवलारीण होती. तिला अक्षर येत नव्हते. सगळे गळ्यात होते.

त्या लग्नाला आम्ही मोठ्या हौसेने व्हिडिओवाला बोलाविला. महिन्याने कॅसेट आली. सारा पाडा पाहावयास जमला. हळदीचा भाग आला, आजी पडद्यावर दिसली, तिचे ओठ हलू लागले, आणि ऐकू आले एक सिनेमाचे गाणे! आजी जिथे जिथे गात होती, तिथे तिथे त्या गृहस्थाने वरून गाणे चढविले होते. त्याच्या दृष्टीने त्याने चित्र सजविले होते. मंडळी खूश झाली. मीही झालो, खोटे कशाला सांगू? आजी तेवढी म्हणाली, "माझा गला कुठं गेला रं?"

तीन वर्षांनी आजी वारली. मग आम्हांला मूळ कॅसेटींची आठवण झाली. त्याच्याकडे गेलो, तर त्या पुसून त्यांवर दुसऱ्यांची लग्ने घेतलेली. तेव्हा कॅसेट महाग, आणि असे सगळेच करीत. आमच्याजवळ उरली ती एक संपादित प्रत. व्ही.सी.आर. बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 साली ते बनविणे बंद केले, तेव्हा घाईने तीही संगणकावर उतरवून घेतली. चित्र आहे. आवाज नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवितो. तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे दरवर्षी शिकवितो. गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने तिने ते रचले आणि महानुभावांनी जपून ठेवले, म्हणून ते आज वर्गात वाचता येतात. ते शिकविताना माझ्या मनात काय येत असेल, ते निराळे सांगावयास नको.

तर आता कामाचे बोलू. हल्ली व्हिडिओवाले दोन तऱ्हेचे असतात. एक 'ट्रॅडिशनल'वाला. हा दिवा लावून समोर उभा राहतो आणि विधी आरंभापासून शेवटपर्यंत घेतो. दुसरा 'सिनेमॅटिक'वाला. हा पळत्या पावलांचे, उडत्या अक्षतांचे तुकडे घेऊन त्यांची पाच मिनिटांची सुंदर फीत करतो. तरुणांना दुसरा आवडतो, आणि त्यात वावगे काही नाही. ती कलाही सोपी नव्हे. पण खिशाला एकच परवडत असेल तर माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे. पाच मिनिटांत वधू-वर मावतात. चुलतआजोबा, बांगडीवाली आणि मांडवाला आंब्याचे टाळे बांधणारी पोरे त्यात मावत नाहीत.

काम पाहावयास गेलात तर तुकड्यांची फीत पाहून परत येऊ नका. एखाद्या घरचे, त्यांची हरकत नसेल तर, पूर्ण लग्न पाहा आणि डोळे मिटून ऐका. मंगलाष्टके कळतात का? बोलणे ऐकू येते का? कॅमेऱ्याच्या अंगचा माइक दहा हातांवरून पंख्याचा, पोरांचा आणि बँजोचा असा एकच कालवा गोळा करतो. आवाज हवा असेल तर गाणाऱ्या बाईजवळ छोटा माइक किंवा रेकॉर्डर ठेवावा लागतो. व्हिडिओवाल्याकडे तो नसेल तर साधा मोबाइल विमान-मोडवर टाकून तिच्या पदराजवळ ठेवा. पुष्कळ काम होते.

आणि डीजे? आमच्याकडच्या हळदीत डीजेशी भांडून कोणी जिंकल्याचे मला ठाऊक नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. ही शांतता आयती मिळालेली आहे. दहानंतर धवलारणीला बसवा, किंवा पहाटे. व्हिडिओवाल्याला ती वेळ आधी सांगून ठेवा, नाहीतर तो नेमका तेव्हा जेवावयास गेलेला असतो. त्याला पहिल्या पंगतीलाच बसवावे, हे उत्तम.

मूळ चित्रणाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॅसेट गेली, आता मेमरी कार्डे आली. पण पुढच्या लग्नासाठी ती रिकामी करण्याची रीत तीच आहे. सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगाने चित्रण केले तर एका तासाला सुमारे 45 जीबी जागा लागते. दोन कॅमेरे, दहा तास, म्हणजे 900 जीबी. एवढे तो बिचारा किती लग्नांचे सांभाळील? म्हणून आपणच हार्ड डिस्क विकत घेऊन त्याच्या हाती द्यावी आणि मूळ चित्रण, मूळ आवाजासह, तीत मागावे. मग त्याची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या गावी, बहिणीकडे म्हणा, मामाकडे म्हणा, ठेवावी. एका घरी पाणी शिरले तरी दुसऱ्या घरी राहते. आमच्या उल्हास-वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना 2005 सालचा 26 जुलै आठवत असेलच.

हे सारे कागदावर घ्या. स्टॅम्पपेपर हवा असे नाही. तारीख, वेळ, किती माणसे येणार, काय देणार, केव्हा देणार, मूळ चित्रण मिळणार की नाही, आणि दोघांच्या सह्या. शेवटचा हप्ता माल हाती आल्यावर द्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून करविलेल्या चित्रणाचे पहिले मालक, उलट करार नसेल तर, आपणच असतो. मात्र मूळ फायली हातात पडणे हे शेवटी ठरावावरच अवलंबून राहते. फसगत झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. 1915 या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण आयोग पैसे देववील. पुसलेला आवाज कुठून देववील?

ड्रोनची फार हौस असेल तर एवढेच सांगतो की अंबरनाथला आयुधनिर्माणी आहे. ड्रोनसाठी सरकारने आकाशाचा नकाशा करून मनाईचे भाग दाखविले आहेत. तो पाहिल्याखेरीज व्हिडिओवाल्याचे "काही होत नाही हो" ऐकू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. लग्नघरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आठवडाभर आधी आजीजवळ बसवा. कोणत्या विधीमागून कोणता विधी, कोणता धवला कुठे, कोण मानकरी, हे त्याने वहीत उतरून घ्यावे. वहीचे ते पान व्हिडिओवाल्याच्या हाती द्यावे आणि लग्नाच्या दिवशी तोच पोरगा त्याच्या शेजारी उभा करावा. बाहेरगावच्या व्हिडिओवाल्याला कोपऱ्यात बसलेली म्हातारी म्हणजे नुसती म्हातारी. ती नवरदेवाची पणजी आहे, हे त्याला सांगणार कोण?

आम्ही हे गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नात करून पाहिले. माझी चुलती आता ऐंशीची आहे, आजीकडेच शिकलेली. डीजे थांबल्यावर ती ओटीवर बसली, तिच्याजवळ माइक ठेवला, आणि व्हिडिओवाला पोरगा चाळीस मिनिटे जागचा हलला नाही. तिने गायिलेले अर्धे धवले मला ठाऊकही नव्हते. मध्येच कुठे कुकरची शिटी वाजते, एक मूल पाणी मागते, आणि चुलती गाणे थांबवून "दे रं त्याला" म्हणते. त्या पोराने विचारले, "सर, हे काढून टाकू?" मी म्हटले, राहू दे.